एका तारेचं गॅरेज

वडगाव रासाईच्या आमच्या घराविषयी सांगायला लागले की माझी मुलं हात वर करतात, “आई, खड्डा नको.” जेवताना तर त्या विषयाला आमच्याकडे बंदीच आहे. पण खड्डा गाळून ते घर सांगायचं म्हणजे नाक गाळून माणसाचं तोंड काढायचं. खड्डा होता नानांच्या गॅरेजमागं. मोरीचं पाणी दगडी पन्हळीतून घरामागं यायचं, गोठ्याला वळसा घालायचं आणि तिथं येऊन मुक्काम करायचं. वर साबणाची करडी साय. सायीवर भाताची शितं, कांद्याची टरफलं, बिड्यांची थोटकं. ऊन वाढलं की साय फाटायची आणि खालून काहीतरी काळं-हिरवं बुडबुडायचं. मधोमध जुन्या बोअरचा लोखंडी पाइप रोवलेला आणि त्याला एक उघडी तार गुंडाळलेली. हा खड्डा म्हणजे गॅरेजच्या विजेचा अर्धा भाग होता. मी थट्टा करत नाही. केली असती तर बरं झालं असतं.

नाना म्हणजे माझे थोरले चुलते, घरातले कर्ते. त्यांची जीप होती आणि ते शिरूरपर्यंत वडाप करायचे, म्हणजे सीटमागे भाडं घेऊन माणसं न्यायचे. जीपसाठी त्यांनी घरापासून चांगलं लांब, गोठा आणि कडब्याची गंज ओलांडून, पत्र्याचं शेड ठोकलं होतं. त्याला बाकी सगळे शेड म्हणायचे, नाना मात्र गॅरेज म्हणायचे, तेही ‘गॅ’वर जोर देऊन. तिथं दिवा हवा म्हणून त्यांनी मीटरपासून बांबूंवरून तार नेली होती. एकच. विजेला जायला एक आणि परत यायला एक अशा दोन तारा लागतात, हे चौथीतल्या पोरालाही बॅटरी-बल्बच्या प्रयोगात दाखवतात. परतीचं काम नानांनी जमिनीवर सोपवलं होतं. बल्बचं एक टोक तारेला, दुसरं खड्ड्यातल्या पाइपाला. आमच्या भागात याचं कुणाला नवल नव्हतं. शेतावर एखादी तार तुटली की लोक सळई ठोकून वेळ मारून न्यायचे. पण वेळ मारून न्यायची गोष्ट नानांनी कायमची केली होती. आणि माती ओली असली तरच वीज नेते, म्हणून मोरी तिकडं वळवलेली, खड्ड्यात मीठ-कोळसा भरलेला. जीपमधून उतरलेल्या एखाद्या प्रवाशानं लाजत “मोकळं व्हायला कुठं जागा हाय का?” असं विचारलं की नाना अगत्यानं बोट दाखवायचे. “त्या तिकडं खड्ड्यावर जावा. मीठच हाय ते. बल्ब उजाळंल.”

मी राहायची दौंडला. वडील रेल्वेत खलाशी. क्वार्टर दोन खोल्यांचं, पण आईनं मोरी अशी घासलेली असायची की तिच्यात भाकरी थापावी. शंटिंगच्या इंजिनांचे धक्के ऐकतच मी मोठी झाले आणि कुणाला न जुमानता आयटीआयला वायरमनच्या वर्गात जाऊन बसले. वर्गात मुलगी मी एकटीच. त्यामुळे शिडीवर चढायच्या आधी मी सलवार पायाशी सुतळीनं बांधायची, आणि खाली उतरल्यावर ती सोडायची विसरायची. तशीच बाजारातून हिंडून यायची. सुट्टी लागली की गावी. तिथं माझ्या शिक्षणाचं कौतुक नानांनी आपल्या पद्धतीनं केलं. “आल्या आमच्या वायरमनीणबाई! जरा त्या बल्बाची धूळ पुसा.”

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला कमळात्या परत आली. नानांची धाकटी बहीण, कासुर्डीला दिलेली. हायवेलगत तिच्या नवऱ्याचं मिरची-मसाला दळायचं दुकान होतं. तो गेल्यावर दिरांनी दुकान घेतलं, जावांनी भांडी घेतली आणि आत्यानं फक्त मशीन मागितलं. टेम्पोतून ती ड्रायव्हरशेजारी बसून आली नाही. मागं, मशीनला हात टेकून उभी राहून आली. आम्ही दारात. मला वाटलं, काकी भाकरतुकडा ओवाळून टाकेल. काकी नानांकडं बघत राहिली आणि नाना टेम्पोकडं.

“घरात कुठं जागा हाय?” नाना म्हणाले. “गॅरेज दिवसभर मोकळंच असतंय. मशीन बी तितं, तू बी तितं. कसं?”

“बरंय,” आत्या म्हणाली.

झालं. तिची पेटी, वळकटी आणि मशीन गॅरेजात गेली. रात्री जीप आत आली की ती मशीन आणि जीप यांच्या मधल्या पट्टीत अंथरूण घालायची. जेवायला घरात बोलावणं नसायचं. काकी वाईट नव्हती, फक्त नानांच्या पुढं एक पाऊलही टाकणारी नव्हती. ती ताटावर ताट झाकून माझ्या हाती द्यायची. बाजरीची भाकरी, हुलग्याची शेंगोळी, वर ठेच्याचा गोळा. ते ताट घेऊन मला खड्ड्याला वळसा घालून जावं लागायचं. माश्या खड्ड्यावरून उठायच्या, ताटावर बसायच्या, पुन्हा खड्ड्यावर जायच्या. मी श्वास रोखून पळायची. आत्या शांतपणे जेवायची. मी नाक धरून शेजारी बसायची आणि ती म्हणायची, “सवय हुतीया गं.” हे तिचं वाक्य मला खड्ड्यापेक्षाही घाण वाटायचं. अजून वाटतं.

वर्षाचा मसाला करायचे दिवस आले. अंगणाअंगणांत मिरच्या वाळत पडल्या. हेच तिचे कमाईचे दिवस. या दिवसांत मशीन फिरलं नाही तर बायका मिरच्या घेऊन न्हावऱ्याला जाणार, आणि एकदा दुसरीकडं गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. मग आत्या या घरात नुसतीच भाकरी खाणारी उरणार, आणि तशा बाईचं काय होतं हे ती कासुर्डीत बघून आली होती. ती हे कधी बोलली नाही. फक्त मशीनचा पट्टा रोज पुसायची.

पहिल्या दिवशी नानांनी मोटरची दोन टोकं जोडली, एक तारेला, एक खड्ड्याच्या पाइपाला, आणि थाटात बटण दाबलं. मोटर घुंईऽऽ करून घुमली. फिरली नाही. बल्ब विझल्यासारखा लाल झाला. थोड्या वेळानं जळक्या रबराचा वास सुटला.

“मशीन आजारी हाय,” नाना म्हणाले.

“कासुर्डीत तर पळत व्हतं,” आत्या म्हणाली.

“मंग हितलं पाणी मानवंना त्याला.” जमलेले दोघे-तिघे हसले.

मी घरातून टेस्ट लॅम्प आणला. होल्डरमध्ये बल्ब आणि दोन वायरी, एवढीच माझी संपत्ती. घराच्या मीटरपाशी तो लावला तर झगझगीत. तोच गॅरेजातली तार आणि खड्डा यांच्यामध्ये धरला, मोटर चालू ठेवून, तर दिवा पेटला तो जुन्या गळवाला रंग येतो तसा. “नाना, मशीन चांगलं आहे,” मी म्हटलं. “वीजच इथवर पोचत नाही. तार बारीक, अंतर लांब, आणि परतीला हे… हे गटार. दोन तारा टाका, जाड टाका.”

“दुसरी तार कशाला? जमीन फुकट हाय.”

मग मी माझं सगळं शिक्षण पणाला लावलं. नानांनी नदीवरून शेतापर्यंत पाइपलाइन आणली होती आणि तिच्या जाडीत कधी कंजुषी केली नव्हती. मी म्हटलं, “भीमेवरनं पाणी आणताना अर्ध्या इंची नळी टाकली असती का तुम्ही? नळी बारीक आणि लांब असली की दाब मरतो. तारेचं तसंच.”

नानांनी बिडी खड्ड्यात टाकली. ती चर्र झाली. “पाणी मला दिसतंय, पोरी. करंट तू दाखव, मंग जाड तार आणतो.”

हा युक्तिवाद मी आजही ऐकते. इतकी वर्षं याच धंद्यात घालवली, लोकांची घरं, गाळे, पंप जोडून दिले. प्रत्येक घरात एक नाना असतोच. लाखाची फरशी घालतो आणि भिंतीआड जाणाऱ्या तारेला म्हणतो, चालंल की.

नानांनी उपाय सुरू केले ते खड्ड्यावर. मिठाचं पोतं आलं. गोठ्यातलं मूत घमेल्यानं ओतलं गेलं. काकीला सांगितलं, भांडी दुपारी घासत जा, तेव्हा पाणी जास्त लागतं. एका वडापच्या ड्रायव्हरनं सुचवलं म्हणून शिळं ताक ओतलं. त्या ताकाविषयी मी एवढंच लिहीन की म्हैस त्या बाजूनं जायची बंद झाली. चार पाय ताठ करून उभी राहायची, फुसफुसायची, मागं सरायची. “वासानं बिचकतीय,” काकी म्हणाली. मला वासाचं पटलं असतं. पण मोटरचं बटण बंद असलं की तीच म्हैस त्याच वासातून निवांत जायची. खड्ड्याभोवतीच्या ओल्या जमिनीत करंट पसरत होता आणि तो सगळ्यात आधी म्हशीला कळला होता. मी तसं बोलून दाखवलं. नाना म्हणाले, “म्हशीला बी आयटीआयला घाला.”

आणि मग तो दिवस आला. सकाळचीच वेळ. मिरच्यांच्या पिशव्या घेऊन पाच-सहा बायका गॅरेजच्या दारात बसल्या होत्या. आत्यानं त्यांना “आज चालंल” म्हणून सांगितलं होतं. नाना बटणापाशी. घुंईऽऽ. पट्टा जेमतेम हालला, थांबला. “आली, आली!” नाना ओरडले. “खड्डा सुकलाय! पाणी घाल, कमळे, पाणी!” बटण त्यांनी सोडलं नाही. आत्यानं पत्र्याची बादली उचलली. अनवाणी होती. मी “आत्या, थांब” म्हणेपर्यंत ती खड्ड्याच्या कडेच्या चिखलात उतरली, बादली कलती केली आणि बादलीचा काठ त्या लोखंडी पाइपाला लागला.

ती ओरडली नाही. तोंड उघडं राहिलं आणि आवाज आलाच नाही. हात बादलीच्या कडीला चिकटलेला. नाना अजून मोटरकडंच बघत होते. मी त्यांच्या छातीवर खांदा आदळला. ते जीपच्या बंपरवर जाऊन बसले आणि मी बटण बंद केलं. आत्या उताणी त्या सायीत पडली.

आम्ही बायकांनी तिला ओढून काढलं. केसांत साबणाचा फेस, कानात शितं, गालाला बिडीचं थोटूक चिकटलेलं. मी ते माझ्या ओढणीनं पुसत होते, हाताला ते सगळं बुळबुळीत लागत होतं, आणि मला रडावं की ओकावं कळत नव्हतं. शेवटी मी दोन्ही केलं. आत्याच्या तळहाताला कडीची रेघ भाजली होती. तिनं डोळे उघडले, आधी बायकांकडं पाहिलं आणि म्हणाली, “मिरच्या झाका गं. धूळ बसंल.”

नाना उठून आले. त्यांचाही चेहरा उतरला होता, खोटं कशाला सांगू. पण त्या चेहऱ्यातून वाक्य आलं ते असं : “चप्पल घालाया काय झालं व्हतं?”

मला आयुष्यात माणसांची किळस पुष्कळदा आली आहे, माझी स्वतःची त्याहून जास्त वेळा. पण त्या वाक्याइतकी कधी नाही. मी घराकडं गेले, मीटरपाशी गॅरेजची तार होती ती पकडीनं कापली आणि टोकाला टेप गुंडाळला. वाटलं, आता कानशिलात बसणार. बसली नाही. संध्याकाळी नाना गोठ्याच्या माळ्यावरून पाण्यातल्या मोटरची जुनी केबल घेऊन आले. बोअरमधून काढलेली, जागोजागी जोड, जोडांवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, त्यावर वाळलेलं शेवाळ. “ही घे. दोन तारा हायत. झालं समाधान? जोड.”

“नाही जोडणार.”

“का?”

“बारीक आहे. जोड कुजलेत. मोटर पुन्हा अडली की ते तापणार, आणि वाटेत कडब्याची गंज आहे.”

“आन् मी सांगतोय म्हणून?”

“तरी नाही.”

काकीच्या हातातलं भाकरीचं पीठ तसंच राहिलं. आमच्या घरात नानांना “नाही” हा शब्द कुणी म्हटला नव्हता. माझे वडील त्यांच्यासमोर नुसतं खोकायचे. नाना केबल अंगणात टाकून निघून गेले. मी शूर वगैरे नव्हते. मी तिथंच उंबऱ्यावर बसले, आणि ताठ बसल्याचं नाटक केलं.

आत्या हे सगळं ऐकत होती. हाताला हळद बांधलेली. तिनं मला हळूच विचारलं, “मंगे, तार जाड पायजे ती लांबीपायी ना?”

“हो.”

“मंग लांबीच काढली तर?”

वर्गात आम्हाला तारेची जाडी काढायला शिकवली होती. लांबी काढून टाकायला कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नाना शिरूरच्या फेरीला गेले आणि त्याच बायका परत आल्या. आत्यानं त्यांना काय सांगितलं ठाऊक नाही. त्यांनी पदर खोचले, मशीनखाली ओली पोती घातली आणि ओढत, ढकलत, एकमेकींच्या सासवांचा उद्धार करत ते धूड गोठ्यावरून घराच्या ओट्यावर आणलं. काकी दारात येऊन म्हणाली, “अगं बया, ते चिडतील!” आणि मग खाली उतरून मागून हात लावला. ओटा म्हणजे नानांची जागा. तिथं त्यांची खाट, तिथं त्यांचा चहा. आणि ओट्याच्याच भिंतीवर मीटर. मी खाट बाजूला सरकवली, मीटरपासून दोन हातांवर मशीन बसवलं, माझ्याकडच्या चार एमएमच्या जाड तारेच्या तुकड्यानं जोडलं, घराच्या अर्थिंगची तार मोटरच्या अंगाला आवळली, योग्य जाडीचा फ्यूज घातला. “आत्या, दाब.”

मोटरनं घुंई केलंच नाही. सरळ पळाली. पट्टा दिसेनासा झाला, पहिली मिरची आत पडली आणि लालभडक धुरळा उठला. सगळ्या जणी खोकत होत्या, शिंकत होत्या, डोळ्यांतून पाणी, आणि कुणीही ओट्यावरून उतरायला तयार नव्हतं.

नाना परत आले तेव्हा खाटेवर मिरच्यांच्या पिशव्या रांगेनं बसल्या होत्या. ते “हे काय” म्हणणार तोच शिंक आली. मग दुसरी. त्यांना वाक्य पुरं करायला आत्यानं वेळ दिला, पण मिरचीनं दिला नाही. पुढचे दिवस हेच. चहात मिरची, उशीत मिरची, भाकरीवर न मागता मिरची. नाना धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत फिरायचे आणि लोक विचारायचे, “नाना, काय झालं? कोण गेलं का?”

शेवटी ते माझ्यापुढं येऊन उभे राहिले. नाक लाल. “कितीची आणू सांग तार. गॅरेजात जाऊंदी हे.”

मी कागद घेतला. तीन हॉर्सपॉवर म्हणजे चालताना पंधराएक अँपिअर, सुरू होताना त्याच्या तिप्पट तरी. अंतर साठ मीटर, जाऊन येऊन दुप्पट. अडीच एमएममध्ये मोटर उठतानाच चाळीस-पंचेचाळीस व्होल्ट वाटेत मरतात, आणि आमच्याकडे संध्याकाळी मीटरपाशीच एकशे नव्वद असतात. चारही कमीच. “सहा एमएम, तांब्याची, वर अर्थिंगची तार वेगळी,” मी म्हटलं. नानांनी डोळे मिटून ऐकलं आणि आणली, कटकट न करता. चर स्वतः खणला. पाइपलाइनच्या उरलेल्या पाइपातून केबल ओवताना तर ते चक्क खुशीत होते, पाइप त्यांना कळत होता. गॅरेजात मी वेगळा बोर्ड बसवला, त्याला त्याचा मेन स्विच, त्याचे फ्यूज. परतीची न्यूट्रल तार आणि अर्थिंगची तार एकमेकींना शिवू दिल्या नाहीत. खड्डा आम्ही मुरूम टाकून बुजवला. बुजवताना जे वर आलं ते मी लिहिणार नाही, मुलांना शब्द दिला आहे.

सगळं झाल्यावर नाना ओट्यापाशी आले. “चल कमळे. गॅरेज तयार हाय. राजवाड्यागत लाइट हाय.”

आत्या मिरची ढकलत होती. हात थांबला नाही. “न्हाई, नाना. मला हितंच बरं वाटतंय. गिऱ्हाईकाला बी दार सापडतंय.”

“आन् मी?”

आत काकी ताटं मांडत होती. तिनं आत्याचं ताट मांडलं, झाकण न घालता, चुलीजवळ. नानांनी ते पाहिलं. मग त्यांनी खाट उचलली आणि गॅरेजकडं नेली.

माझ्या आयुष्यातलं पहिलं, आणि अजूनही सगळ्यात निगुतीनं केलेलं काम ते. तीन हॉर्सपॉवरसाठी मोजलेली सहा एमएमची तांब्याची केबल, जिच्यावर वर्षानुवर्षं एक बल्ब, एक टेबलफॅन आणि नानांचा रेडिओ चालला. मला त्याचा इतका संताप यायचा की मी तिकडं बघायचं टाळायची. एका दुपारी ते गॅरेजच्या दारातून ओरडले, “मंगे! फॅन लई जोरात फिरतुया! झोप लागंना! जरा बारीक तार टाक की!”

आत्यानं ओट्यावरून विचारलं, “काय म्हणतोय गं?”

“ऐकू येत नाही,” मी म्हटलं. “मशीन चालू आहे.”